पॅलाडिनला धर्मसंकटात टाकताना

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या 3.5 आवृत्तीत पॅलाडिनने, म्हणजे धर्मनिष्ठ योद्ध्याच्या पात्राने, जाणूनबुजून एक दुष्कृत्य केले, तरी त्याच्या साऱ्या शक्ती जातात. म्हणून पेच टाकण्याआधी डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) सुटकेची एक तरी वाट आखून ठेवावी. शरण आलेला गॉब्लिन (खेळातला एक छोटा राक्षस) मारायचा की सोडायचा, एवढेच पर्याय दिले की खेळाडू अडकतो आणि टेबलावर भांडण पेटते. जवळच कैदखाना असलेले गाव ठेवा. निर्णयाआधी स्पष्ट इशारा द्या. 1,000 सुवर्णनाण्यांची 'फायलॅक्टरी ऑफ फेथफुलनेस' ही जादुई वस्तू नेमके हेच करते. 'डिटेक्ट ईव्हिल' या दुष्टता ओळखण्याच्या शक्तीने कुणी दुष्ट दिसला, म्हणजे त्याचा गुन्हा सिद्ध झाला असे नाही! पतन झालेच, तर 'अटोनमेंट' या प्रायश्चित्ताच्या मंत्रासाठी एखादी मोहीम हाताशी असू द्या. 2014च्या पाचव्या आवृत्तीत मात्र अलाइनमेंटपेक्षा (पात्राच्या नैतिक कलापेक्षा) पॅलाडिनने घेतलेली शपथ पाहा: सूडाची शपथ घेतलेल्याला दुष्टांवर दया दाखवण्याचा पेच फारसा टोचत नाही.