पाळणाघरात बाळ सोडताना गुपचूप पळून जाऊ नका
मॅटर्निटी लीव्ह 26 आठवड्यांची, म्हणजे ऑफिस सुरू होतं तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतं आणि ते कुणाच्याही कडेवर आरामात जातं, आपल्याला वाटतं सुटलो. मग साधारण आठव्या महिन्यापासून तेच बाळ पाळणाघराच्या दारात गळ्याला अशी मिठी मारतं की सोडवत नाही. आमच्याकडे ऐरोलीत अगदी असंच झालं आणि मला वाटलं तिथे काहीतरी घडलंय. घडलं काहीच नव्हतं, आपलं माणूस कोण ते माझ्या लेकीला कळायला लागलं होतं, आणि ते वेळेवर कळणं चांगलंच आहे.

सगळे सांगतात ती खेळण्यात रमली की मागच्या मागे सटक. मी आठवडाभर तेच केलं, ठाण्याची लोकल गाठायची घाई असायची ना. मग घरीसुद्धा मी बाथरूमला गेले की दारावर थापा मारून रडायची, कारण आई कधीही गायब होऊ शकते हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

तर असं करा. पहिले दोन-तीन दिवस तिथे तासभर नुसतं बसा, बाळ रांगत लांब जाईल, वळून तुम्हाला बघेल, परत जाईल, ते होऊ द्या. रोज बाळाला घेणारी ताई एकच असेल असं आधीच बोलून घ्या, हे फीपेक्षा महत्त्वाचं आहे. निघताना रोज तेच, पापी, "आई संध्याकाळी येणार", टाटा, आणि बाळ खाली न ठेवता ताईच्या हातात द्यायचं. रडेल. तरी निघा, खिडकीतून परत परत डोकावू नका.

आणि खरं बघायचं ते संध्याकाळी. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांचं निरीक्षण केलं, आई थोडा वेळ खोलीबाहेर जायची आणि परत यायची, त्यात मूल किती रडलं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं यावर त्यांचा जास्त भर होता. तुमच्याकडे झेपावलं, कुशीत थोडं रडून शांत झालं आणि पुन्हा खेळायला लागलं, की नातं घट्ट आहे. म्हणून पहिली दहा मिनिटं फोन पर्समध्येच राहू द्या, भांडी पण नंतर.

ताईचा लळा लागला म्हणून जीव खालीवर करू नका. ग्लासगोच्या 60 बाळांवरचा 1964 चा अभ्यास आहे, दीड वर्षापर्यंत बहुतेकांनी एकापेक्षा जास्त माणसांना जीव लावला होता.

पण कित्येक आठवडे झाले तरी बाळ तिथे काही खात नसेल, कुणाकडूनच शांत होत नसेल, तर पाळणाघर नीट तपासा आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.

गणपतीला चार दिवस गावी जाऊन आलात की सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं, त्या दिवशी एक लोकल सोडायची तयारी ठेवा.