जर्मनीत पाठ धरली तर: सुई कोणाच्या हातात आहे ते आधी बघा

"दादा, माझ्याकडे इन्शुरन्सचं कार्ड आहे ना? मग हे बिल कसलं?"

गेल्या महिन्यात एका मुलीचा असा मेसेज आला, सोबत बिलाचा फोटो. जर्मनीत येऊन तिला दीड वर्ष झालंय. दहा वेळा ॲक्युपंक्चर, पोटात गोळा येईल अशी रक्कम, भरायला दोन आठवडे. मी म्हटलं, तू आधी काही सही केली होतीस का? तिला आठवेना. मग दवाखान्यातून कागदाची प्रत मागवली, तर खाली तिची सही. ती बघून मला २०१३ सालची माझी सही आठवली. तीही काउंटरवर वाकून, मागे रांग उभी म्हणून घाईत केलेली.

कार्ड कसं काढायचं, कुठली क्रांकेनकासे (थोडक्यात कासे, म्हणजे आरोग्य विम्याची संस्था) घ्यायची यात मी वेळ घालवत नाही. ते ऑफिसातलं कोणीतरी करून देतं, आणि पब्लिक कासे कुठलीही घेतली तरी मूळ उपचार जवळपास तेच मिळतात. फरक असतो तो वरच्या जादा सवलतींत आणि थोडासा हप्त्यात. माझा मुद्दा पुढचा आहे. आपण सगळे इथे बसून काम करणारे. दोन-तीन वर्षांत कोणाची कंबर जाते, कोणाची मान, कोणाचा खांदा. मग ॲक्युपंक्चर आणि मॅन्युअल थेरपी हे दोन शब्द कानावर पडतात आणि ग्रुपवर प्रश्न येतो: "इन्शुरन्समध्ये बसतं का?" त्यावर पंधरा जण पंधरा उत्तरं देतात. त्यातले चार प्रायव्हेट इन्शुरन्सवाले असतात आणि ते हे सांगतच नाहीत. "मला तर सगळे पैसे मिळाले" एवढंच लिहून मोकळे. पब्लिक आणि प्रायव्हेट या दोन वेगळ्या दुनिया आहेत. सल्ला घेण्याआधी सल्ला देणाऱ्याचं कार्ड विचारा.

आधी ॲक्युपंक्चर. पब्लिक कासे २००७ पासून ते फक्त दोन दुखण्यांसाठी देते: कंबरेच्या मणक्याचं जुनं दुखणं आणि गुडघ्याची झीज. दुखणं किमान सहा महिन्यांचं हवं. मान नाही, खांदा नाही, मायग्रेन नाही. हा निर्णय होण्याआधी जर्मनीत मोठ्या चाचण्या झाल्या होत्या. त्यांत कंबरेला सुयांनी नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त आराम पडला, आणि गंमत म्हणजे 'चुकीच्या' जागी टोचलेल्या सुयांनीही जवळपास तेवढाच पडला. मायग्रेनला सुया नेहमीच्या औषधांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, म्हणून ते यादीबाहेर राहिलं. पटो न पटो, नियम हा आहे.

मिळतं ते असं: सहा आठवड्यांत दहा वेळा, खास कारण असेल तर बारा आठवड्यांत पंधरापर्यंत. प्रत्येक वेळी किमान अर्धा तास. एक फेरी संपली की पुढची किमान बारा महिन्यांनी. यात बसलात तर तुमच्या खिशातून काही जात नाही, कार्ड सरकवलं की झालं.

इथे आपली मराठी भाषा नडते. आपण "पाठ दुखते" म्हणतो, त्यात मानेपासून माकडहाडापर्यंत सगळं येतं. जर्मनमध्येही "ऱ्यूकन" म्हटलं की तसंच होतं. डॉक्टरकडे गेलात की बोट ठेवून दाखवा आणि "उंटरर ऱ्यूकन" म्हणा, म्हणजे खालची पाठ, आपली कंबर. आणि दुसरी आपली खोड: "थोडंसं दुखतं, चालतंय." नका म्हणू. आठ महिने दुखतंय तर आठ महिने म्हणा. त्याहून बरं, पहिल्याच महिन्यात हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन या. गोळी घेऊ नका हवी तर, पण नोंद होऊ द्या. सहा महिने झाले हे डॉक्टरला लिहावं लागतं. ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव आजच उमटलंय, त्यानं ते कशाच्या जोरावर लिहायचं? आपले लोक बाम चोळत, घरून आणलेलं तेल लावत सहा महिने काढतात आणि सातव्या महिन्यात पहिल्यांदा दारात उभे राहतात.

आता ती सही. माझी मान दुखत होती. ऑर्थोपेडीचा दवाखाना, दारावर पाटी "आले कासन", म्हणजे सगळ्या कासेंचे पेशंट घेतो. कार्ड घेतलं, आत बोलावलं, डॉक्टरनं दोन्ही हातांनी डोकं धरून इकडेतिकडे वळवलं आणि म्हणाला, ॲक्युपंक्चर करून बघू. चार मिनिटं लागली असतील. बाहेर काउंटरवरच्या बाईनं एक कागद पुढे केला, जिथे सही करायची तिथे पेनानं छोटी फुली मारली. मी फुलीवर सही केली. कार्ड तर आत्ताच घेतलंय, आणखी काय बघायचं! दहा मंगळवार गेलो. मान खरंच हलकी झाली. आणि मग एका हिशेब करणाऱ्या कंपनीकडून पाकीट आलं, ५२० युरो. तेव्हा माझ्या हातात महिन्याला भाडं जाऊन जे उरत होतं, त्याचा अर्ध्याहून जास्त भाग.

तो कागद म्हणजे इगेलचा करार होता. कासे जे देत नाही आणि पेशंट स्वतःच्या पैशानं घेतो, त्या सेवांचं हे लघुरूप. जर्मनमध्ये "इगेल" म्हणजे एक छोटा काटेरी प्राणी, आपल्या साळिंदराचा धाकटा भाऊ शोभेल असा. मानेत दहा सुया खोचून पालथ्या पडलेल्या माणसासाठी याहून चपखल नाव मिळणार नाही. मी भांडायला गेलो, पण भांडण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरनं नियमाप्रमाणे आधी लेखी करार केला होता. कराराशिवाय तोंडी सांगून केलं असतं तर पैसे मागण्याचा हक्क त्याला नव्हता. पण करार होता आणि त्यावर माझी सही होती.

तेव्हा काउंटरवर कागद आला की पेन खाली ठेवायचं आणि विचारायचं: "उबरनिम्ट दास डी कासे?" याचा खर्च कासे उचलते का? मागच्या रांगेला थांबू द्या. जर्मन लोक रांगेत थांबायला जन्मतःच शिकलेले असतात. कागद घरी नेऊन वाचतो म्हटलं तरी कोणी रागवत नाही. आणि कार्ड घेतलं म्हणजे सगळं कार्डावर झालं, हा समज डोक्यातून काढून टाका. कार्ड तपासणीसाठी घेतलेलं असतं, सुयांसाठी नाही.

दुसरी गोष्ट, सुई कोणाच्या हातात आहे. कासे फक्त कासेशी करार असलेल्या डॉक्टरच्या सुईचे पैसे देते, आणि त्या डॉक्टरकडेही ॲक्युपंक्चर कासेवर लावण्याची वेगळी परवानगी लागते. त्या मुलीचं तिथेच बिनसलं. तिची कंबरच होती, महिनेही भरलेले होते, पण डॉक्टरकडे ती परवानगी नव्हती. प्रत्येक राज्यात कासेच्या डॉक्टरांची एक संघटना असते, तिला काफाउ म्हणतात. तिच्या वेबसाइटवर डॉक्टर शोधताना "अकुपुंक्टुर" निवडून परवानगीवाले शोधता येतात. पाच मिनिटांचं काम. हाइलप्राक्टिकर नावाची जमात वेगळी. ते डॉक्टर नसतात, सरकारी परवाना घेऊन निसर्गोपचार करतात. त्यांची खोली छान, चहा देतात, तासभर ऐकून घेतात. पब्लिक कासे त्यांच्या सुयांना एक सेंट देत नाही. चिनी वैद्यकाची पाटी बघून हरखून जाणारे आपले बरेच जण इथे फसतात.

मॅन्युअल थेरपीचा मामला उलटा. ती मानेला, खांद्याला, कंबरेला, सगळ्याला मिळते, पण डॉक्टरच्या रेसेप्टवर, म्हणजे लेखी चिठ्ठीवर. इथे डॉक्टर स्वतः करत नाही, फिजिओथेरपिस्ट करतो. रेसेप्टवर काय लिहिलंय ते दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी बघा. "का-गे" असेल तर तो व्यायाम, "एम-टे" असेल तर मॅन्युअल थेरपी, म्हणजे हातानं सांधे मोकळे करणं. तुम्हाला हवं एम-टे आणि हातात का-गे, हे मी तीनदा तरी बघितलंय. फिजिओला ते बदलता येत नाही, पुन्हा डॉक्टरकडे खेप. आणि एम-टेसाठी फिजिओकडे वेगळं प्रशिक्षण लागतं, त्यामुळे फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की रेसेप्ट एम-टेचं आहे.

एका रेसेप्टवर साधारण सहा वेळा मिळतात. गरज राहिली तर पुढचं रेसेप्ट. डॉक्टर कधीकधी, विशेषतः तिमाही संपत आली की, "बजेट संपलं" म्हणतो. तो त्याचा हिशेब आहे, तुमचा हक्क संपलेला नसतो. शांतपणे विचारा, पुढच्या तिमाहीत पहिल्या आठवड्यात येऊ का? बहुतेकदा काम होतं. खांद्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून कोरं रेसेप्ट निघालंय, त्यात काय आणि किती वेळा करायचं हे फिजिओच ठरवतो.

आणि तारीख! रेसेप्ट लिहिल्यापासून २८ दिवसांत पहिली वेळ सुरू झाली पाहिजे, "तातडीचं" अशी खूण असेल तर १४ दिवसांत. नाहीतर कागद रद्दी. मोठ्या शहरांत फिजिओकडे जागा मिळायलाच महिना जातो, म्हणून मी नेहमी सांगतो: आधी फिजिओला फोन करून तारीख मिळवा, मग डॉक्टरकडून रेसेप्ट घ्या. उलट करणारा प्रत्येक नवा माणूस मला तीन आठवड्यांनी फोन करतो.

खर्च: प्रत्येक रेसेप्टला १० युरो अधिक उपचाराच्या किमतीचे १० टक्के. अठरा वर्षांखालच्यांना काही नाही. पावत्या जपून ठेवा. वर्षभरात औषधं, फिजिओ, हॉस्पिटल मिळून अशी स्वतःची भर घराच्या ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेली, जुनाट आजार मान्य असेल तर १ टक्क्यावर, तर कासे पुढचं माफ करते. ज्याची बायको अजून भाषा शिकतेय आणि घरात एकच पगार आहे, त्याच्यासाठी हे पैसे कमी नाहीत.

ठरलेली वेळ रद्द करायची तर २४ तास आधी फोन. नाहीतर ती वेळ तुमच्या खिशातून, कासे त्यात पडत नाही. "ट्रेन उशिरा होती" हे ऐकून इथला फिजिओ हसतो, पण पैसे घेतोच.

ऑस्टिओपथी ही मॅन्युअल थेरपी नव्हे. दिसायला सारखी, हिशेबाला वेगळी. ती कासेच्या मूळ यादीत नाही. बऱ्याच कासे आपल्या मर्जीनं वर्षातून काही वेळांचे थोडे पैसे परत देतात. आधी पूर्ण बिल तुम्ही भरायचं, मग पाठवायचं. बहुतेकदा डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि ऑस्टिओपथ कासेला मान्य असावा लागतो. जाण्याआधी कासेच्या ॲपमधून लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपा. फोनवर गोड आवाजात "होईल" म्हणणारी व्यक्ती पुढच्या वेळी सापडत नाही.

प्रायव्हेटवाल्यांना दोन ओळी. दुखण्यासाठी डॉक्टरनं केलेलं ॲक्युपंक्चर तिथे बहुतेकदा मिळतं, हाइलप्राक्टिकरचं मिळतं का ते तुमच्या टॅरिफवर, म्हणजे घेतलेल्या विमा योजनेवर. फिजिओच्या दराला मर्यादा आहे का तेही आधी वाचा. पण निव्वळ सुयांसाठी प्रायव्हेटमध्ये उडी मारू नका. पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर (२०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती) गेला की नोकरदाराला तो रस्ता उघडतो, आणि हिंदी बोलणारे सल्लागार लगेच फोन करू लागतात. स्वस्त हप्ता तिशीतला असतो. पंचावन्न ओलांडल्यावर परतीचं दार जवळजवळ बंद होतं, हे ते सांगत नाहीत.

आईवडिलांना बोलावताय आणि त्यांचे गुडघे इथे दाखवू म्हणताय? व्हिसासाठीचा ३०,००० युरोचा प्रवासी विमा तातडीच्या आजारासाठी असतो. जुने गुडघे तिकडेच दाखवून या.

आणि एक जवळपास फुकटातली गोष्ट, जी आपल्यातले कोणी वापरत नाही. कासे वर्षातून साधारण दोन मान्यताप्राप्त वर्गांचे बरेचसे पैसे परत देते. पाठीचा व्यायाम, आणि हो, योगही. तुम्ही आयुष्यभर टाळलेली सूर्यनमस्काराची शिस्त इथे एखादी जर्मन बाई लावते, आणि त्याचे पैसे कासे देते. हजेरी मात्र भरावी लागते.

कासेकडे परवानगीचा अर्ज केला असेल तर तीन आठवड्यांत उत्तर यायला हवं, त्यांनी वैद्यकीय तपासणी विभागाचं मत मागवलं तर पाच. नकार आला तर पत्र मिळाल्यापासून एक महिन्यात विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत, घालता येते. दोन ओळीही पुरतात: मी हरकत घेतो, कारणं नंतर कळवतो. कारणांसाठी डॉक्टरची चिठ्ठी नंतर जोडा, पण महिना चुकवू नका. हे सगळं कासेच्या नकाराला चालतं. इगेलवर सही करून बसलेल्याला चालत नाही.

त्या मुलीला मी तेच सांगितलं. मग बिलावरच्या कंपनीच्या नंबरावर दोघांनी मिळून फोन केला आणि हप्ते मागितले. पलीकडच्या माणसानं एकही प्रश्न न विचारता चार हप्ते करून दिले. २०१३ साली मला हे विचारता येतं हेसुद्धा माहीत नव्हतं.