थायरॉइडची गोळी चालू असताना घसा दुखला तर

थायरॉइड जास्त काम करतंय म्हणून कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल सुरू असेल, तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी घ्यायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. क्वचित, आणि बहुतेकदा पहिल्या 3 महिन्यांत, या औषधाने त्या पेशी एकदम घटतात. ‘साधी सर्दी असेल’ म्हणत दोन दिवस काढणं जिवावर बेतू शकतं. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तरी लगेच दाखवा.

आठवड्यात गुण आला नाही म्हणून मात्र गोळी सोडू नका. औषध नवं संप्रेरक बनणं रोखतं. ग्रंथीत आधीच साठलेलं संपायला काही आठवडे जातात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, औषध बदलावं लागू शकतं.

मांजरांनाही मेथिमाझोल देतात. गोळी चुरून खाण्यात कालवू नका. थुंकून टाकणाऱ्या मांजरासाठी कानाच्या आतल्या उघड्या त्वचेवर चोळायचं जेल असतं. हातमोजा घालूनच लावा, एकदा उजव्या कानाला, एकदा डाव्या. गरोदर बाईने ते हाताळूच नये. मांजर तोंड ओरबाडू लागलं, ओकू लागलं, जेवेनासं झालं, तर पशुवैद्यांना कळवा. 2-3 आठवड्यांनी टी-फोर या थायरॉइडच्या संप्रेरकासोबत मूत्रपिंडही तपासून घ्या. थायरॉइड ताब्यात आला की तोवर झाकलेला मूत्रपिंडाचा आजार उघडा पडू शकतो.