जंगलात बसून दूरची शॉर्टवेव्ह केंद्रं कशी पकडावीत

कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आमच्या काजूच्या बागेत एक मांगर, म्हणजे शेतातली झोपडी आहे. तिथे वीज नाही, रेंजही नाही. शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरदेशीहून पोचणाऱ्या रेडिओलहरींवरची केंद्रं ऐकायला दर हिवाळ्यात मी चार-चार रात्री रेडिओ घेऊन तिथे मुक्काम करतो. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सेट कुठला घेऊ?’ आकड्यात फ्रिक्वेन्सी दाखवणारा आणि बाहेरची तार जोडता येणारा कुठलाही सेट चालतो. शॉर्टवेव्हवर हार होते ती सेटमुळे नाही, गोंगाटामुळे. शहरात केंद्रं पोचत नाहीत असं नाही, ती इन्व्हर्टर, एलईडी आणि चार्जरच्या खरखरीखाली गाडली जातात. जंगलात जायचं ते एवढ्यासाठीच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस धरा. एप्रिल-मेमध्ये वळिवाच्या विजा शेकडो किलोमीटरवर कडाडल्या तरी सेटमध्ये फटाके वाजतात, आणि डोक्यावर ढग जमले की तार सेटपासून काढून लांब टाकावीच लागते. जागा राखीव वनात असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री थांबू नका. टॉर्चशिवाय पाचोळ्यात पाय टाकू नका, फुरसं हा विषारी साप पानात दिसत नाही.

तार लावायला अर्धा तास पुरतो. प्लास्टिकचं वेष्टण असलेली साधी 15 मीटर तार घ्या. तंगुसाला, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याला, मासेमारीचं शिसं बांधून बेचकीने फांदीवरून पलीकडे टाका, तंगुसाने सुतळी ओढा, सुतळीने तार. पाच-सहा मीटर उंची बस्स. पानांना तार टेकली तरी ऐकण्यात काही बिघडत नाही.

‘तार जितकी लांब तितकं केंद्र लांबचं’ हा सल्ला मात्र विसरून जा. मी पहिल्या वर्षी 40 मीटर तार ताणली आणि एकच केंद्र डायलवर तीन ठिकाणी बोलू लागलं. जोरदार केंद्रांनी छोटा सेट तुंबतो. बऱ्याच साध्या सेटांमध्ये आतली मधली फ्रिक्वेन्सी (सेट प्रत्येक केंद्र आत जिच्यावर आणतो ती) 455 किलोहर्ट्झ असते, म्हणून खऱ्या केंद्राचं भूत, म्हणजे खोटी नक्कल, त्याच्या दुप्पट, बरोबर 910 किलोहर्ट्झ खाली सापडतं. नवं केंद्र मिळालं असं वाटलं की तिथून 910 किलोहर्ट्झ पुढे जाऊन तोच आवाज आहे का ते तपासा. असला तर सेटवरचं ‘डीएक्स’ (लांबचं) बटण ‘लोकल’वर (जवळच्यावर) टाका, नाहीतर तार निम्मी करा.

आता खरं काम, गोंगाट शोधणं. यात माझा एक अख्खा हिवाळा वाया गेला.

चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं केंद्र 5000, 10000 आणि 15000 किलोहर्ट्झवर सेकंदासेकंदाला टिकटिक देतं. पहिल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी 10000 वर टिकटिक यायची आणि मी वहीत ‘बीपीएम, उत्तम’ असं लिहीत होतो. एका रात्री सहज डायल फिरवला, तर 9700 वर तीच टिकटिक, 7000 वर तीच, कुठेही जा तीच. ती शेजारच्या काकांच्या बागेतली झटका मशीन होती. रानडुकरं आणि गवे येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक झटका सोडतात ना, तोच सेटमध्ये ऐकू येत होता. वहीतल्या त्या सगळ्या नोंदी खोडाव्या लागल्या.

ओळखायची रीत सोपी आहे. खरं केंद्र एकाच जागी असतं, कुंपण डायलभर असतं. शिवाय बीपीएम दर तासाच्या 29व्या आणि 59व्या मिनिटाला मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या खुणांत) आणि चिनी बाईच्या आवाजात आपलं नाव सांगतं. ते कानांनी ऐकल्याशिवाय वहीत नोंद करू नका.

उपाय शेजाऱ्याशी भांडून होत नाही, मशीन बंद करायला सांगणंही चूक, त्यांचं वर्षाचं पीक असतं. नीट लावलेलं कुंपण फारसं वाजत नाही. वाजतं ते जिथे गवत तारेला टेकलंय किंवा इन्सुलेटर तडकलाय आणि ठिणगी उडते तिथे. मी काकांना म्हटलं, “काका, तुमच्या तारेत कुठेतरी ठिणगी मारतेय, बॅटरी फुकट उतरत असणार.” ते लगेच कोयती घेऊन निघाले. खिशातला छोटा रेडिओ मीडियम वेव्हवर, दोन केंद्रांमधल्या मोकळ्या जागी लावून आम्ही तारेला हात न लावता कुंपणाच्या कडेने चालत गेलो. ओढ्याकाठी रानमोडी तारेवर रेलली होती, तिथे कडकडाट एकदम वाढला. काकांनी मशीन बंद केली, झुडूप तोडलं, दोन इन्सुलेटर बदलले. त्या रात्री 10000 वर पहिल्यांदा खरं बीपीएम ऐकलं. आवाज बारीक होता, वरखाली होत होता.

निम्मा गोंगाट आपण स्वतःच सोबत नेतो, हेही लक्षात ठेवा. पॉवर बँक लावून सेट चालवू नका, आत साधे सेल घाला. सौर कंदील, डोक्यावरचा एलईडी टॉर्च, मोबाइल हे सगळं एकेक करून बंद करा आणि मोकळ्या जागी लावलेल्या सेटची सूसू कधी उतरते ते ऐका. माझ्या डोक्यावरचा टॉर्च मंद केला की खरखर करायचा, पूर्ण उजेडावर गप्प बसायचा.

अर्थिंगबद्दल माझं मत ठाम आहे. घराच्या अर्थिंगला सेट जोडलात तर घरभरचा गोंगाट सेटमध्ये ओढून आणाल. कातळावर अर्थिंगची सळई वीतभर आत गेली तरी खूप, आणि भोवती मिठाचं पाणी ओतून काही होत नाही, मी दोन हिवाळे ओतलं. त्यापेक्षा दहा मीटर तार जमिनीवर नुसती पसरून सेटच्या अर्थला जोडा.

मग ऐकायचं कधी, कुठे? कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी अंधारातून लांब जातात, म्हणून अंधार कुठे आहे ते बघा. संध्याकाळी साडेचारला आपल्याकडे ऊन असतं, पण चीन, कोरिया, जपानकडे रात्र पडलेली असते, म्हणून 31 मीटरच्या पट्ट्यात (पट्ट्याचं नाव लहरीच्या लांबीवरून), म्हणजे 9400 ते 9900 किलोहर्ट्झवर, आधी पूर्वेकडची केंद्रं उठतात. रात्र चढली की 49 आणि 41 मीटरचे पट्टे भरतात. पहाटे उलटं होतं. आपल्याकडे उजाडत असताना पश्चिमेला अजून अंधार असतो, तेव्हा आफ्रिका आणि युरोपकडचे आवाज सूर्योदयाच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटं अचानक वर येतात. माझे सगळ्यात लांबचे आवाज याच वेळी मिळाले. दिवसा 19 आणि 16 मीटरचे पट्टे बघा. पायथ्याशी बसलात तर पूर्वेकडून कमी उंचीने येणारे सिग्नल डोंगर अडवतो, म्हणून पूर्वेसाठी मी वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जातो. पश्चिमेला समुद्र मोकळा असल्याने तिकडचं पायथ्याशीही छान लागतं.

केंद्रांची वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती बदलतात, जुनं छापील पान नेऊ नका.

निघताना तार आणि सुतळी काढाच, तंगूस तर कणाकणाने. एकदा माझ्या राहिलेल्या तुकड्यात भारद्वाजाचा पाय अडकला होता. तो सोडवायला तासभर लागला. आता मी उजेडात प्रत्येक फांदीखाली फिरून बघतो आणि मगच मांगराला कडी लावतो.