सोसायटीचा इतिहास कागदांतून कसा उभा करावा

आमची बेचाळीस प्लॉटची सोसायटी. मी सचिव झाले तेव्हा एक पत्र्याची पेटी ताब्यात मिळाली. त्याच महिन्यात मधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी तारेचं कुंपण घातलं. जागा आपली आहे असं सगळेच सांगत होते, पण कागद एकाकडेही नव्हता.

तेव्हापासून सांगते, सुरुवात जमिनीपासून करा. आजचा सात-बारा पुरत नाही. त्यावरच्या क्रमांकांवरून एकेक फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, मागे काढत जा. शेत कुणाचं होतं, सोसायटीच्या नावावर कधी आलं, तुकडे कधी पडले, सगळं तिथे सापडतं. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालं असेल तर पुढचा धागा मालमत्ता पत्रकावर मिळतो.

मग बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट, म्हणजे प्लॉट पाडल्याचा नकाशा. आमच्याकडे आदेश होता, नकाशा नव्हता. माहिती अधिकारात अर्ज केला. पहिल्या अर्जात नुसतं सोसायटीचं नाव लिहिलं, काही मिळालं नाही. दुसऱ्यात आदेशाचा क्रमांक, तारीख आणि गट क्रमांक लिहिला आणि नकाशा हाती आला. त्यावर ती जागा ‘खुली जागा’ म्हणून ठळक दाखवलेली होती. तरीही भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यावी लागली, कारण हद्द खुणांशिवाय कुणी ऐकत नाही. कुंपण निघालं. आज तिथे मुलं खेळतात, ते पाहून मला फार बरं वाटतं.

तुमची इमारत असेल आणि बिल्डरने जमीन नावावर करून दिली नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावावर होण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. ही वाट मोफा, म्हणजे महाराष्ट्रातल्या फ्लॅट मालकीच्या कायद्यातल्या 2008 च्या दुरुस्तीने मोकळी झाली.

आता संस्थेचे कागद. नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर पोटनियम, इतिवृत्तं. संस्था फार जुनी असेल तर प्रमाणपत्रावर 1960 च्या ऐवजी 1925 चा सहकार कायदा दिसेल, गोंधळू नका. सर्वांत जास्त वेळ ‘आय’ नोंदवहीला, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीला द्या. आमच्याकडे वारलेल्या सभासदांची नावं तशीच होती, वारसांची नोंदच नव्हती. अशा घरातल्या माणसाने सभेत मत दिलं की पुढे त्यावरूनच तंटा होतो. प्रत्येक वारसाच्या घरी मी स्वतः अर्ज घेऊन गेले. त्याच फेऱ्यांत पहिलं घर बांधणाऱ्या आजींनी जुन्या विहिरीची जागा दाखवली. ती इतिवृत्तात होती, पण नेमकी कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं.

सभासदाला पोटनियम, हिशेब, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहायचा हक्क आहे, सहकार कायद्याप्रमाणे. मागितलं की दाखवा.

हे सगळं 30 सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेपुढे ठेवा. नोटीस पूर्ण 14 दिवस आधी द्या, सोबत कागदांची यादी जोडा. मूळ प्रती सोसायटीच्या नावच्या लॉकरमध्ये, एक संच पेटीत. झाकणाच्या आतून यादी चिकटवा आणि नव्या सचिवाची सही त्याच यादीवर घ्या.