कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी
कपाटाच्या दाराला रंगाचा शेवटचा हात देत होतो आणि स्प्रे गनमधून पाण्याचा थेंब उडाला. वाळल्यावर तिथे मोहरीएवढा खड्डा! सगळं घासून पुन्हा रंगवावं लागलं.

तेव्हापासून मी हवा आधी थंड करतो. दाबलेली हवा तापलेली असते, तिच्यातलं पाणी वाफेच्या रूपात असतं. सेपरेटर, म्हणजे हवेतलं पाणी वेगळं करणारं उपकरण, थेंब पकडतो, वाफ नाही. म्हणून तो टाकीला लागून बसवू नका. मध्ये ८-१० मीटर तांब्याचा पाइप भिंतीवर वर-खाली फिरवा, त्यात हवा निवून वाफेचे थेंब होतात. प्रत्येक खालच्या टोकाला ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी लावा. मुख्य पाइपातून फुटणारी फांदी काढायची ती पाइपच्या वरच्या अंगाने, म्हणजे तळाचं पाणी तिच्यात उतरत नाही. पीव्हीसी पाइप अजिबात नको. फुटला तर तुकडे सुरीसारखे उडतात.

रंगकामाला सेपरेटरनंतर सिलिका जेलही, म्हणजे उरलेली ओल शोषणारे दाणेही हवेत. माझे केशरी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत तापवतो, पुन्हा केशरी होतात. टायर भरायला एवढं काही लागत नाही.

टाकी मात्र रोज रिकामी करा. थोडा दाब शिल्लक असतानाच तळाचा कॉक हळू उघडा. आधी तांबूस, गंजकट पाणी येईल. नुसत्या हवेचा आवाज येईपर्यंत तो बंद करू नका.