अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकताय? या चुका टाळा

टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची तर अमेरिकन इतिहासाचे सहा क्रेडिट कायद्यानेच करावे लागतात, मग विषय कॉम्प्युटरचा असो की नर्सिंगचा. आपली बरीच मुलं यातला पहिला कोर्स, हिस्टरी १३०१, उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘उरकून टाकतात’. मी इथल्या एका कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये याच कोर्सच्या मुलांना मदत करते, आणि दर सत्रात त्याच त्या चुका समोर येतात. मुलं हुशार असतात, म्हणून जीव जास्त तळमळतो.

चूक पहिली: ‘चहा महागला म्हणून फेकला’

मागे एका उन्हाळ्यात चार मित्र एकत्र अभ्यास करायचे. चौघांनी एकाच सारांशाच्या व्हिडिओवरून नोट्स काढल्या. निबंधाचा विषय होता बोस्टन टी पार्टी. चौघांची सुरुवात जवळपास सारखी: इंग्रजांनी चहावर जाचक कर लादला, चहा महागला, चिडलेल्या लोकांनी तो समुद्रात फेकला. प्राध्यापकांनी चौघांच्याही समासात एकच प्रश्न लिहिला, ‘चहा नेमका कधी महागला?’ आणि गुण सपाटून कापले. एकजण तावातावाने माझ्याकडे आला. “काकू, सगळीकडे असंच तर लिहिलंय!” मी त्याला १७७३ चा टी ॲक्ट काढून वाचायला बसवलं. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाला, “काकू, यात नवा करच नाहीये.”

नाहीच. पौंडामागे तीन पेन्सचा कर १७६७ च्या टाउनशेंड कायद्यांपासूनच (अमेरिकेतल्या वसाहतींत येणाऱ्या मालावर पार्लमेंटने बसवलेले कर) होता. १७७० मध्ये बाकीच्या मालावरचे कर उठले, चहावरचा तेवढा राहिला. १७७३ च्या कायद्याने उलट ईस्ट इंडिया कंपनीला मधले व्यापारी वगळून थेट वसाहतींत चहा विकायची मुभा दिली आणि इंग्लंडमध्ये लागणारी जकात माफ केली. म्हणजे चहा स्वस्त होणार होता, चोरून येणाऱ्या डच चहाशी टक्कर देण्याइतका.

मग फेकला का? निबंध खरा इथे सुरू होतो. स्वस्त म्हणून तो चहा विकत घेतला, की लंडनच्या पार्लमेंटला आपल्यावर कर बसवायचा हक्क आहे हे मुकाट्याने मान्य केल्यासारखं झालं असतं. शिवाय विक्री फक्त कंपनीने नेमलेल्या अडत्यांकडून होणार होती, आणि बोस्टनमधल्या अडत्यांत गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांची दोन मुलं होती. बाकीचे व्यापारी बाहेर, तस्करही बाहेर. त्यात कंपनीचा लौकिक अटलांटिकपार पोचलेला: पेनसिल्व्हेनियाचे वकील आणि लेखक जॉन डिकिन्सन यांनी १७७३ मध्येच टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात बंगालच्या दुष्काळात कंपनीने धान्य दाबून धरल्याचा दाखला देऊन लोकांना सावध केलं होतं. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या त्या या सगळ्यापायी. (चहा चीनचा होता. आसामचा म्हणून लिहू नका.)

त्या मुलाला सगळं समजलं, पण गुण काही परत मिळाले नाहीत. पाच आठवड्यांच्या कोर्समध्ये निबंध दुसऱ्यांदा लिहायला वेळच नसतो. म्हणून माझी सवय सांगते. कुठल्याही कायद्याचं कारण लिहिण्याआधी कागदावर दोन रकाने आखायचे: कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान. दोन्हींत माणसांची नावं येईपर्यंत निबंधाला हात लावायचा नाही. सारांशाचे व्हिडिओ नंतर बघा, हवे तेवढे. आधी बघितलेत तर डोक्यात दुसऱ्याचं वाक्य बसतं, आणि ते उठता उठत नाही.

चूक दुसरी: चित्राला पुरावा समजणं

५ मार्च १७७० ला बोस्टनमध्ये सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. बोस्टनचा चांदी-कारागीर आणि ब्रिटिशविरोधी कार्यकर्ता पॉल रिव्हिअर याने छापलेलं त्याचं चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं, आणि मुलं त्यावरून ‘काय घडलं’ ते लिहितात. ते चित्र नीट बघा. सैनिक कवायतीला उभे असावेत तसे एका रांगेत आहेत. मागे त्यांचा कॅप्टन तलवार उगारून हुकूम देतोय. समोरचे लोक निःशस्त्र, सभ्य कपड्यांतले. सैनिकांच्या डोक्यावरच्या इमारतीला चक्क ‘कसाईखाना’ अशी पाटी आहे. ती इमारत प्रत्यक्षात कस्टम हाउस होती. आता त्याच वर्षीच्या खटल्यांतल्या साक्षी वाचा. त्यांत जमाव बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकतोय, गोंधळ आहे, हुकूम कोणी दिला याबद्दल साक्षीदारांचंच एकमत नाही. सैनिकांचं वकीलपत्र जॉन ॲडम्स (पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष) यांनी घेतलं होतं. कॅप्टन प्रेस्टन सुटला, आठ सैनिकांपैकी सहा सुटले, दोघे मनुष्यवधाचे दोषी ठरले.

म्हणून चित्र टाकाऊ ठरत नाही. बोस्टनच्या लोकांना त्या रात्रीबद्दल काय पटवायचं होतं, याचा तो फार चांगला पुरावा आहे. कुठलंही मूळ साधन हातात आलं की मी वर चार शब्द लिहायला लावते: कोणी, केव्हा, कोणासाठी, कशासाठी. चौथ्याचं उत्तर सुचत नसेल तर ते साधन अजून वाचून झालेलं नाही. येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रोजेक्टवर त्या काळचे कितीतरी कायदे आणि करार फुकट आहेत, फाउंडर्स ऑनलाइनवर वॉशिंग्टन, जेफरसन, ॲडम्स यांची पत्रं आहेत. तरी मुलं नोट्स विकत घेतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

बाकीच्या चुका थोडक्यात

१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना एक करू नका. मध्ये आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे देशाची पहिली घटना आहे, केंद्राला कर गोळा करायचा अधिकारच नसलेली व्यवस्था आहे, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांचं १७८६ चं शेज बंड आहे. ही अकरा वर्षं गाळली तर घटना का लागली ते सांगताच येत नाही.

१६२० चे प्लिमथचे पिलग्रिम वेगळे, ते इंग्लंडच्या चर्चपासून फुटलेले; १६३० चे मॅसॅच्युसेट्स बेचे प्युरिटन वेगळे, त्यांना तेच चर्च सुधारायचं होतं.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना ‘इंडियन लोक’ म्हणून एका वाक्यात कोंबू नका. पोहाटन, वॉम्पनोआग, इरोक्वॉय, चेरोकी यांचं राजकारण वेगवेगळं होतं.

गुलामगिरी फक्त दक्षिणेत होती, हेही चूक. १७९० च्या जनगणनेत एकट्या न्यूयॉर्क राज्यात २१ हजारांहून जास्त गुलाम होते.

तीन-पंचमांश तडजोडीवर (लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची) ‘घटनेने काळ्या माणसाला तीन-पंचमांश माणूस मानलं’ असं लिहून मुलं मोकळी होतात. स्वतंत्र काळी माणसं पूर्ण मोजली जात होती. वाद गुलामांच्या मोजणीचा होता, आणि त्यांना पूर्ण मोजा असं मालकच म्हणत होते, कारण जितकी डोकी तितक्या प्रतिनिधिगृहातल्या जागा. मत द्यायचा हक्क मात्र त्या माणसांना नव्हता. अपूर्णांकाचा राग येणं बरोबरच आहे. पण त्या अपूर्णांकाने सत्ता कोणाच्या पदरात पडली ते लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

यॉर्कटाउनच्या ब्रिटिश शरणागतीला, १७८१ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध संपवू नका. पॅरिसचा तह १७८३ चा. १७७८ पासून फ्रान्स उतरल्यावर ब्रिटन कॅरिबियनपासून भारतापर्यंत लढत होता. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२, अगदी याच वर्षांतलं. यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि पुढे पेशवे आणि निजाम यांना सोबत घेऊन टिपूशी लढला. आपल्या मुलांना हा धागा दिला की तारखा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आणि परीक्षेतल्या ओळख-टिपांमध्ये नाव आणि साल लिहून थांबू नका. बहुतेक प्राध्यापक निम्मे गुण ‘महत्त्व काय’ याला ठेवतात. स्टॅम्प ॲक्ट, १७६५, एवढंच लिहिलंत तर निम्मे गुण गेले. कोर्टाची कागदपत्रं, वर्तमानपत्रं अशा कागदांवर कर बसल्याने वकील, छापखानेवाले आणि व्यापारी, म्हणजे ज्यांचा आवाज सगळीकडे पोचायचा तेच लोक, एकदम विरोधात गेले, एवढी एक ओळ पुढे जोडा.